सोपारा बंदराची साक्ष



दरवर्षी ६ डिसेंबरला वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजाकडची कितीतरी कुटुंबे भाकरी बांधून चैत्यभूमीला जातात. अभिवादन करून परत फिरतात. त्याच दादर स्टेशनातून विरारची लोकल नालासोपाऱ्याला जाते. तिथे एक प्राचीन स्तूप आहे. त्याची हकिकत घरातल्या मुलांना माहीत असली पाहिजे.

ही हकिकत सुरू होते थेट इजिप्तमध्ये. भूमध्य समुद्राच्या काठी अलेक्झांडरने इ. स. पूर्व ३३१ मध्ये अलेक्झांड्रिया हे बंदर वसवले. तिथला दीपस्तंभ जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होता. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘तुरमाय’ राजाचा उल्लेख आहे. तो इथूनच राज्य करणारा टॉलेमी.

अलेक्झांड्रियाचा माल होडीने नाईल नदीतून वर जाई, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात येई. तिथून गलबते पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. इ. स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने या प्रवासाची माहितीच लिहून ठेवली आहे. त्यात सोपारा, कल्याण, चौल यांची नावे आहेत. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांनी भडोचला जातो, त्यात तेरचे सुती कापड असते, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे इथल्या कष्टकऱ्याने विणलेले कापड रोमन लोकांच्या अंगावर होते!

या व्यापारातूनच धम्मालाही दान मिळाले. सोपाऱ्याच्या सामिक नावाच्या व्यापाऱ्याने कान्हेरीच्या लेण्यात पाण्याचे टाके दान दिले. तसा लेख तिथे कोरलेला आहे. आणि २०२२ साली बेरेनिकेच्या उत्खननात संगमरवराची बुद्धमूर्ती मिळाली. माल गेला तसा बुद्धही समुद्रापार गेला.

पुढे सोपाऱ्याचे वैभव ओसरले. स्तूपावर माती चढली. लोक त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणू लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले. आत दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ छोट्या बुद्धमूर्ती होत्या. त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाने शिकार सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगणारा हा लेख. १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला.

अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ भूकंपात कोसळला. त्याचे दगड समुद्राच्या तळाशी गेले. १९९४ पासून पाणबुड्यांनी बुड्या मारून एकेक दगड मोजला, नोंदला. आपल्या वारशाला तर बुडीही मारावी लागत नाही. तो पायाखाली आहे.

आपले वाशीमच घ्या. हे वाकाटकांचे वत्सगुल्म. याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे वत्सगुल्मच्या शाखेची ओळख जगाला पटली. ते तांबे कुणी मोडीत घातले असते, तर एवढा इतिहास भांड्यांच्या भट्टीत गेला असता.

म्हणून दोन गोष्टी करा. घराचा पाया, विहीर खोदताना जुनी नाणी, पत्रे, मूर्ती किंवा अक्षरांचा दगड मिळाला तर भंगारवाल्याला देऊ नका, घासू नका, शेंदूर फासू नका. तहसील किंवा कलेक्टर कचेरीत कळवा. कायदाही तेच सांगतो. आणि पुढच्या वेळी दादरला गेलात की एक दिवस जास्त काढा. मुलांना सोपाऱ्याच्या स्तूपाजवळ न्या. समुद्र कुठल्या दिशेला आहे ते दाखवा, आणि सांगा, आपली माणसे इथून जगाला भेटली होती.