पंपाशिवाय दहा किलोमीटर!

‘हेरिटेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ताजमहाल, अजिंठा-वेरूळ, फार तर रायगड. पुण्यात शिकायला आलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात शनिवारवाडा बघतो, दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढतो आणि ‘आत तर काहीच नाहीये यार!’ म्हणत परत येतो. खरंच आहे त्याचं. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, उरले ते तट आणि जोती. पण मित्रांनो, इंजिनिअरने बघावं असं जे आहे ते तटाच्या आत नाहीच. ते आपल्या रस्त्यांखाली आहे!

नानासाहेब पेशव्यांच्या काळात (१७४० ते १७६१) कात्रजला बांध घालून पाणी अडवलं गेलं आणि जमिनीखालच्या चुनेगच्ची बांधकामाच्या नळातून ते शनिवारवाड्यापर्यंत आणलं. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. पंप नाही, वीज नाही, सगळा कारभार ग्रॅव्हिटीवर! वाटेत जागोजागी ‘उच्छ्वास’ ठेवले, म्हणजे आतली हवा बाहेर पडावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा. आपण ‘एअर लॉक’ची व्याख्या परीक्षेपुरती पाठ करतो, त्या कारागिरांनी तो प्रश्न प्रत्यक्ष सोडवला होता. शिवाय हे पाणी एकट्या वाड्यासाठी नव्हतं. पेठांमधल्या सार्वजनिक हौदांतही ते येत असे. वाडा जळाला तरी पाणी वाहतच राहिलं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली. शहराचे नळ बंद पडले, तेव्हा पुणेकर बादल्या घेऊन गेले ते याच जुन्या हौदांवर आणि विहिरींवर. दोनशे वर्षांची ‘बॅकअप सिस्टीम’ म्हणा ना! (आमच्या हॉस्टेलची टाकी सकाळी साडेसातलाच रिकामी होते, त्यामुळे याची किंमत आम्हाला विचारा.)

मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत रोमन अ‍ॅक्विडक्ट चित्रासकट शिकवला, कात्रजचं नावसुद्धा पुस्तकात नव्हतं. बरं, इंजिनिअरिंगला तरी आहे का? तिथेही नाही.

कुणी म्हणेल, ‘आता ते पाणी पिण्यालायक आहे का? मग कशाला उकरायचं?’ प्यायचं नाहीच. पण रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला खाली काय आहे हे कळायला तरी नको का? २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना एक जुना भुयारी मार्ग सापडला. लगेच वाद सुरू! कुणी म्हणे पेशवेकालीन, कुणी म्हणे त्यानंतरचा. ज्या शहरात इतकी इंजिनिअरिंग कॉलेजेस आहेत, तिथे हा वाद नकाशा उघडून पाच मिनिटांत मिटायला हवा होता.

आमच्या आई-बाबांच्या पिढीला दूरदर्शनवर ‘सुरभि’ होती. रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक दर आठवड्याला कुठलं तरी न ऐकलेलं गाव, एखादी कला दाखवायचे आणि लोक पोस्टकार्डांचा पाऊस पाडायचे. आपल्या हातात तर कॅमेरा आणि जीपीएस दोन्ही आहे. आपण करतो काय? त्याच चार किल्ल्यांची रील्स!

म्हणून माझं म्हणणं असं, की फायनल इयरला बाजारातून रेडीमेड प्रोजेक्ट आणण्यापेक्षा सिव्हिलच्या एका ग्रुपने कात्रज ते शनिवारवाडा हा मार्ग पायी पालथा घालावा. जे उच्छ्वास आणि हौद अजून दिसतात त्यांच्या लेव्हल्स घ्याव्यात, उतार काढावा, फोटो आणि मोजमापं नोंदवावीत. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याचा डिजिटल नकाशा करावा. पुढच्या बॅचने तो पुढे न्यावा. लेव्हल मशीन सर्व्हे लॅबमध्ये धूळ खात पडलंच आहे. सर, फक्त गेटपास द्या, चालायची तयारी आमची!