झाकण न उघडणारं घड्याळ

जुलै महिन्यात डहाणू रोड स्टेशनच्या आसपास घड्याळदुरुस्तीच्या टपरीवर जरा वेळ थांबलं, की एक तक्रार हमखास ऐकू येते. काचेला आतून वाफ धरली आहे, तारखेची चकती फुगली आहे, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतंय की घड्याळ पाण्यात घातलंच नव्हतं. बहुतेक वेळा ते खरंच सांगत असतं. चूक उन्हाळ्यातच होऊन गेलेली असते. सेल संपला म्हणून मागचं झाकण उघडलं, नवा सेल बसवला आणि जुनीच रबरी रिंग कडेला जरा दुमडून परत दाबली. पहिल्या पावसापर्यंत काही कळत नाही.

साध्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षं टिकतो. म्हणजे दहा वर्षांत तीन-चार वेळा झाकण उघडणार आणि दर वेळी पाण्याला वाट मिळण्याचा धोका. सोलर घड्याळ घ्यायचं ते यासाठी. सेलचा खर्च वाचतो हे दुकानदाराचं पालुपद फारसं मनावर घेऊ नये. सेल शंभराच्या आत-बाहेर मिळतो, तेवढ्यासाठी हजारो रुपये कोण मोजेल? खरा फायदा झाकण वर्षानुवर्षं बंद राहण्याचा आहे, आणि समुद्रकाठच्या तालुक्यात तो मोठा आहे.

मोबाइल असताना घड्याळ हवं कशाला, असा प्रश्न शहरात शोभतो. तलासरीहून पहाटे उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांपैकी अनेकांना मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. चिकूच्या वाडीत फळ तोडणाऱ्याच्या हाताला चीक लागलेला असतो, त्या हाताने कोण फोन काढणार? होडीवरच्या माणसाचं तर विचारूच नका. आणि 16 एप्रिल 2013 पासून लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत येऊ लागली खरी, पण इथे एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट किती बघावी लागते, हे रोज जाणाऱ्याला विचारावं.

पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नाही, मग हे चालणार कसं, ही शंका रास्त आहे. कॅसिओच्या टफ सोलर घड्याळांच्या माहितीपुस्तिकेत याचं उत्तर आकड्यांत सापडतं. एका दिवसाच्या चालीपुरती वीज भरायला उघड्यावरच्या 50,000 लक्स उन्हात साधारण 5 मिनिटं लागतात. खिडकीतून येणाऱ्या 10,000 लक्स उन्हात 24 मिनिटं, ढगाळ दिवशी खिडकीपाशी 5,000 लक्समध्ये 48 मिनिटं. घरातल्या ट्यूबलाइटखाली मात्र 8 तास. म्हणजे आषाढातही सकाळी तासभर अंगणात वावरलेल्या माणसाचं काम भागतं. अडचण लांब बाह्यांच्या शर्टाची आणि रेनकोटाची आहे. घड्याळ दिवसभर बाहीखाली राहिलं तर ते उपाशीच राहतं.

एकदा पूर्ण चार्ज झालं की मॉडेलप्रमाणे पाच-सहा ते दहा महिने ते अंधारातही चालू राहतं. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात घड्याळ पत्र्याच्या पेटीत पडून राहिलं तरी बिघडत नाही.

हे तंत्र काही नवं नाही. सिटिझन या जपानी कंपनीने काट्यांचं सोलर घड्याळ 1976 सालीच बाजारात आणलं होतं. हीच ती सिटिझन, जिच्या सहकार्याने एचएमटीने 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मास्तरांच्या आणि कारकुनांच्या मनगटावरची चावीची ‘जनता’ त्याच घराण्यातली. सिटिझनच्या आजच्या इको-ड्राइव्ह घड्याळांत तबकडीतूनच प्रकाश आत झिरपतो आणि खालचा सेल चार्ज होतो, त्यामुळे बाहेरून सोलर पट्टी दिसत नाही. दिसायला देखणं, पण किंमत बहुधा दहा हजारांच्या आसपास किंवा वर. टायटननेही 2011 मध्ये एचटीएसई नावाने प्रकाशावर चालणारी मालिका काढली होती, तीही काही स्वस्त नव्हती.

स्वस्त आणि दणकट या दोन्ही अटी पाळायच्या, तर या स्तंभाचं मत कॅसिओच्या एक्यू-एस810डब्ल्यूला. काटेही आहेत, आकडेही आहेत, पाच गजर आहेत आणि पाण्यासाठी 100 मीटरची खूण आहे. 30 मीटरच्या खुणेवर भुलू नये, ते घड्याळ हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतंच. एक्यू-एस810डब्ल्यू म्हणजे सगळा प्लास्टिकचा मामला, रुबाब शून्य. लग्नात घालायला दुसरं शोधावं. दुकानागणिक किंमत हलते, पण चार-पाच हजारांच्या पुढे कुणी सांगू लागला तर उठून यावं.

याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी सोलर नाहीच. कॅसिओच्याच एई-1200डब्ल्यूएचमध्ये दहा वर्षांचा सेल आणि 100 मीटरची खूण आहे, शिवाय ते स्वस्तही पडतं. झाकण बंद ठेवण्याचं काम तेही चोख करतं. ज्याला काटे नकोत आणि खिशाला झळ नको, त्याने बेलाशक ते घ्यावं.

दोन गोष्टींना जादा पैसे देऊ नयेत. पहिली, रेडिओवरून आपोआप वेळ जुळवण्याची सोय. या घड्याळांना संकेत देणारी केंद्रं जपान, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि चीनमध्ये आहेत, भारतात एकही नाही. दुसरी, भरती-ओहोटीचा आलेख. किनाऱ्यावरच्या कोळ्याला तिथीची पाऊणपट करायची की झालं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा हिशेब फुकट आहे.

घेतल्यावरची निगा थोडी. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावं, पट्ट्याच्या खाचेत मीठ बसू देऊ नये. चार्ज करायचं म्हणून उन्हात उभ्या ट्रकच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नये. तिथली धग सेललाही बाधते आणि पडद्यालाही.

सिटिझन किंवा सायकोच्या सोलर घड्याळाचा सेकंदकाटा कधी दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. तो बिघाड समजून लोक घड्याळ टपरीवर नेतात. वास्तविक ते प्रकाश मागत असतं. उन्हात ठेवलं की चाल पूर्ववत होते. टपरीवर नेलंच, तर धोका वेगळा. अनेक कॅसिओ सोलर घड्याळांत सीटीएल 1616 नावाचा पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. त्याच मापाचा साधा सीआर 1616 सहज मिळतो आणि खाचेत नीट बसतोही. पण चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज भरली जाऊ लागली की तो गळतो, फुगतो, फुटूही शकतो. काही वर्षांनी बदलायची वेळ आलीच, तर सीटीएल हीच अक्षरं सेलवर वाचून घ्यावीत आणि त्याच वेळी नव्या रबरी रिंगचेही पैसे द्यावेत.