कोर्दोबाचा शिंपी आणि मेल्यावरची समता

पंधराव्या शतकाच्या अखेरची जगातली कविता म्हटली की प्राध्यापक मंडळी दरबारांची यादी वाचतात. फ्लॉरेन्सला लोरेन्झो द मेदिची, सावकारही तोच आणि कवीही तोच. हेरातला सुलतान हुसेन बायकराच्या छायेत जामी आणि अली शेर नवाई. स्पेनात सरदारपुत्र होर्हे मान्रिके. यादी खोटी नाही. पण तिच्यात जुन्या कपड्यांना टाके घालणारा माणूस नाही. आम्हाला त्याच्याबद्दल बोलायचंय.

आंतोन दे मोंतोरो. जन्म १४०४च्या आसपास. कोर्दोबा शहरात जुने कपडे दुरुस्त करून विकायचा, म्हणून लोक त्याला ‘एल रोपेरो’ म्हणत. कपडेवाला. शिंपी कवी आपल्याला नवा नाही, नामदेव आपलाच. पण हा शिंपी घराण्यानं ज्यू आणि धर्मानं ख्रिस्ती. सगळी भानगड या ‘आणि’त आहे.

१३९१ साली स्पेनभर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, कत्तली झाल्या. जीव वाचवायला हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना नाव पडलं ‘नवख्रिस्ती’. पोरं झाली, नातवंडं झाली, तरी त्यातला ‘नव’ काही जाईना. १४४९ साली तोलेदो शहरानं फर्मान काढलं की ज्यू वंशाच्या ख्रिस्त्याला सरकारी पद मिळणार नाही. पोपनं निषेध केला. केला तर केला! बाप्तिस्म्याचं पाणी आत्म्याला लागतं, रक्ताला लागत नाही, असा त्यांचा हिशेब. मित्रा, ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदावर वाचताना तुला जे होतं, तेच हे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की त्यांनी धर्म बदलला तलवारीखाली. आम्ही १९५६ला बदलला तो आमच्या मर्जीनं, ताठ मानेनं.

१४७३. कोर्दोबात मेरीची मिरवणूक निघालेली. एका नवख्रिस्त्याच्या घरातून मूर्तीवर पाणी पडलं. पाणी कसलं, मूत, अशी बोंब उठली. एका लोहारानं जमाव पेटवला. लोहार म्हणजे हातावर पोट असलेला माणूस. वर्गलढा एके वर्गलढा म्हणणाऱ्या आमच्या डाव्या दोस्तांनी या लोहाराकडे जरा बघावं. घरं लुटली, जाळली, माणसं मारली. शहराचा मालक दोन आलोन्सो दे आगिलार आधी वाचवायला आला आणि नंतर पाय मागे घेऊन बसला. पुढं नवख्रिस्त्यांना नगराची पदं बंद. म्हणजे मार खाल्ला त्यांनीच, शिक्षाही त्यांनाच.

मोंतोरोनं त्याच आलोन्सोला कवितेतून गाऱ्हाणं घातलं. मग १४७४ला इसाबेला गादीवर आली, तेव्हा सत्तरीच्या या म्हाताऱ्यानं तिलाही कविता लिहिली. डुक्कर खाऊन झालं, प्रार्थना पाठ झाल्या, क्रुसाची खूण करून हात दुखले, तरी अंगावरचा ज्यूपणाचा शिक्का पुसत नाही, असं तो तिला सांगतो. आणि शेवटी विनवतो काय, तर आम्हाला जाळायचंच असेल तर नाताळपर्यंत थांबा, थंडीत जाळ बरा वाटतो! राणीच्या तोंडावर असा विनोद करायला छाती लागते. ही कविता दरबारातली आहे, पण दरबारी नाही.

त्याला डोक्यावर घेऊन नाचायचंही कारण नाही. हा धनिकांकडे पद्यात मागणी करायचा. वाईट म्हणजे हुआन दे व्हायादोलिद नावाचा दुसरा एक नवख्रिस्ती कवी होता, त्याला मोंतोरोनं ज्यू म्हणूनच हिणवलं. दोघं एकाच चिखलातले आणि एकमेकांची जात काढतायत. हसणारे सरदार. पोटजातीवरून एकमेकांची उणीदुणी काढत पुरस्काराच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या कवींनी हा प्रसंग नीट वाचावा. नावं घेत नाही, ज्याची त्याला कळतील.

आता मान्रिके. बाप १४७६ला मेला, त्याच्यावर यानं शोककाव्य लिहिलं, आणि ते आजही स्पॅनिश भाषेचं भूषण मानलं जातं. काव्य मोठंच आहे, आम्ही नाकारत नाही. त्यात मरणापाशी सगळे सारखे होतात, श्रीमंतही आणि हातानं कमावून खाणाराही. सरदाराला ही समता परवडते, कारण ती मेल्यावर मिळते. शिंप्याला ती जिवंतपणी हवी होती, त्याच गल्लीत, त्याच दुकानात.

मोंतोरोनं १४७७ला मृत्युपत्र केलं. पुढच्याच वर्षी इसाबेला आणि फर्नांदोला पोपकडून इन्क्विझिशनची परवानगी मिळाली, आणि १४८१ला सेव्हियात नवख्रिस्त्यांना जाळायला सुरुवात झाली. तीही फेब्रुवारीत, थंडीतच. बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूंना १४९२ला देशाबाहेर हाकललं. त्यातले कितीतरी पोर्तुगालात गेले, तिथं १४९७ला त्यांचाही जबरदस्तीनं बाप्तिस्मा झाला. अशाच एका घरातला वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्याला आला. इथल्या वनस्पतींवर त्यानं ग्रंथ लिहिला, तो १५६३ला गोव्यातच छापला गेला. इन्क्विझिशन गोव्यात १५६०लाच पोचलं होतं. ओर्ता १५६८ला वारला. १५८०ला त्याची हाडं उकरून काढली आणि जाळली.