आधी मीटर, मग पाना

मृग जवळ आला की धामणगाव रेल्वेच्या गॅरेजांत उन्हाळाभर उभे राहिलेले जुने ट्रॅक्टर यायला लागतात. तक्रार एकच, "सेल्फ घेत नाही." इलाजही बहुधा ठरलेला, बॅटरी बदला. ती खरंच गेली असेल तर बदलावीच. पण न मोजता बदलणे म्हणजे ऐन पेरणीत शेतकऱ्याच्या बियाण्याच्या पैशाला हात घालणे आहे.

१९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि त्यातून बी-२७५ आला. १९७१पासून एचएमटीने झेटरच्या तंत्रावर ट्रॅक्टर बनवले. त्या पिढीच्या डिझेल गाड्यांत प्लगची ठिणगी नाही, कॉइल नाही. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. विजेचे मुख्य काम सेल्फ फिरवण्याचे. म्हणून पहिला प्रश्न हाच, की सेल्फ जोमाने फिरतो का? फिरत असूनही इंजिन धरत नसेल तर वायरिंग सोडा. लाइनमधली हवा, फिल्टर आणि अडकलेली स्टॉप केबल पाहा.

सेल्फ मंद असेल तर मीटर काढा. उभ्या गाडीची चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना टर्मिनलवर आकडा ९.६च्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली तरी आहे, कमजोर तरी, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतो आहे. बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. आकडा टिकूनही सेल्फ मंदच राहिला तर मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या बॉडीला लावून सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. पट्टीखालचा गंज आणि रंग खरवडला की बरेचदा काम होते, आणि त्याला पैसाही लागत नाही. इंजिन सुरू झाल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ मिळत नसतील तर डायनामोचा पट्टा, कार्बन आणि कटआउट तपासा. नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल.

वऱ्हाडचा मे महिना बॅटरीचा वैरी आहे. पारा पंचेचाळिशीला गेला की सेलमधले पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात. गाडी उभी करतानाच डिस्टिल्ड वॉटर भरून निगेटिव्ह काढून ठेवायला गिऱ्हाइकाला सांगा. गोडाऊनजवळच्या गाडीचे वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे का, तेही पाहा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फ शॉर्ट करणे कायमचे बंद करा. त्याने न्यूट्रल स्विच असला तरी निकामी ठरतो, आणि गिअरमध्ये राहिलेली गाडी समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते.

या खरिपापासून प्रत्येक बिलावर तीन आकडे लिहा: उभ्या बॅटरीचा, सेल्फ मारतानाचा आणि चार्जिंगचा. पुढल्या वर्षी तीच गाडी आली की बिघाड कुठून वाढला ते तुम्हालाही कळेल आणि गिऱ्हाइकालाही. आपल्या धंद्याची पत अशा हिशेबानेच वाढेल.