वाटेच्या लेकराचा हक्क

मोहरमच्या दिवसांत मोहल्ल्याच्या तोंडाशी पाण्याचे, सरबताचे पिंप मांडलेले दिसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पेला हातात दिला जातो. याला सबील म्हणतात. म्हणजे आपली पाणपोईच. पण सबील या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पाणी नव्हे, वाट असा आहे. घर मागे राहिले, मुक्काम अजून लांब आणि हाताशी काही नाही, अशा माणसाला अरबीत 'इब्नुस्सबील' म्हणतात. शब्दशः अर्थ, वाटेचे लेकरू.

रमजानमध्ये घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेली आणि वर्षभर शिल्लक राहिलेली जी संपत्ती, तिचा अडीच टक्के भाग काढायचा. तो कोणाला द्यायचा हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. गरीब, गरजू, कर्जात बुडालेले अशी आठ जणांची ती यादी. तिच्यात शेवटी वाटसरू येतो. धर्मशास्त्राच्या जाणकारांनी इथे एक बारकावा नोंदवला आहे. गावाकडे घर, शेत, पैसा असला, तरी वाटेत कफल्लक झालेला माणूस या मदतीला पात्र ठरतो. त्याच्या गावची श्रीमंती मोजायची नाही, आजची अडचण पाहायची. रोजाच्या बाबतीतही त्याला सवलत आहे. प्रवासात सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात.

हीच समज आपल्या मातीत दुसऱ्या नावाने नांदते. नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस नदी उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालतो. पायी चालणाऱ्यांत निवृत्त अधिकारी असतात, शेतकरी असतात, एकट्या निघालेल्या म्हाताऱ्या बायाही असतात. काठावरची गावे त्यांना सदाव्रत देतात. पीठ, डाळ, मीठ, नाहीतर शिजवलेले अन्न आणि रात्रीपुरती ओसरी. 'नर्मदे हर' एवढी हाक पुरते. बँकेत किती शिल्लक आहे, असे तिथे कोणी विचारत नाही. देणाऱ्याचे घर घेणाऱ्याच्या घरापेक्षा कितीतरी गरीब असते, तरीही हात आखडत नाही.

पंढरीच्या वाटेवरही तेच. देहूहून तुकोबांची पालखी निघते, तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी तिचा पहिला विसावा होतो, आरती होते. वाट चालणाऱ्याला थांबवून पाणी देणे ही एका धर्माची मिरासदारी नाही, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

पण या साऱ्या वाटसरूंना एक ओळख असते. खांद्यावर पताका, गळ्यात माळ, हातात दंड आणि कमंडलू. ते कशासाठी चालले आहेत हे दुरून कळते, आणि त्यांच्या पुण्यातला थोडा वाटा आपल्यालाही मिळेल असे मनाला वाटते. खरी परीक्षा असते ती अशी कुठलीच खूण नसलेल्या वाटसरूच्या वेळी.

ती परीक्षा 2020 मध्ये झाली. 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी लागली आणि काही दिवसांतच मुंबई-आग्रा महामार्गावर बोचकी, पोरे घेऊन माणसे चालू लागली. नवस नव्हता, पताका नव्हती. रमजान सुरू झाला तेव्हाही ती चालतच होती. कित्येक ठिकाणी स्वतः रोजा धरलेल्या तरुणांनी भर उन्हात त्यांना पाणी वाटले. गुरुद्वारांनी, मंदिरांनी, रस्त्याकडेच्या साध्या घरांनी जेवण दिले. त्याच दिवसांत अनेक गावांनी वेशीवर काटेरी फांद्याही टाकल्या. भीती खरी होती. पण ज्याच्या तोंडावर वाट बंद झाली त्याची तहानही खरी होती. 8 मे रोजी, चौदाव्या रोजाच्या पहाटे, जालन्याहून भुसावळच्या दिशेने रेल्वेरुळांच्या वाटेने निघालेले 16 मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. थकून ते रुळांवरच झोपले होते. त्यांच्या शिदोरीतल्या चपात्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्या रात्री त्यांना कुठे एखादी ओसरी मिळाली असती, तर?

वाटसरूला दिलेले परत येत नाही. तो शेजारी नाही, नातलग नाही, उद्या आपल्या कामाला येणार नाही. तो तासभर थांबतो आणि निघून जातो. म्हणूनच त्याला देणे हे देण्यातले सर्वांत निखळ देणे. आणि म्हणूनच ते आधी विसरले जाते. जकात देताना ओळखीची गरीब घरे, मदरसे आठवतात. यादीतला शेवटचा रकाना बहुधा कोराच राहतो. जकात कोणाला चालते याचे शास्त्राचे नियम आहेत, ते ज्याने त्याने पाळावेत. ऐच्छिक दानाला, सदक्याला मात्र समोरच्याच्या धर्माची अट नाही.

आज नाव ऐकून खोली नाकारली जाते, आडनाव विचारून मग बोलणे सुरू होते. अशा काळात पाण्याच्या पेल्याआधी नाव विचारायचे की नाही, हा लहान प्रश्न राहिलेला नाही. सबीलवर ते कधी विचारले गेले नाही, सदाव्रतातही नाही. दिवसभर तहान सोसणाऱ्याला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना एक रक्कम वाटसरूसाठी बाजूला निघावी. आणि ज्यांच्या घरी जकात नाही, त्यांच्याही दारात एक माठ असावा. ओगराळे लांब दांड्याचे, झाकण घट्ट, आणि पाणी रोज ताजे.