तिसऱ्या प्रहरचा चहा

चहाविषयीं आमच्या समाजांत पूर्वीपासून दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्यास अमृत म्हणतो, दुसरा विष म्हणतो. पहिल्या पक्षानें 'अमृततुल्य' ही पाटी लावून गांवोगांव दुकानें थाटलीं. दुसऱ्या पक्षास आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ आणि महात्मा गांधींसारखे लोकनायक लाभले. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर आम्हांस असें वाटतें कीं, उभय पक्षांनीं पेल्यांत काय आहे एवढेंच पाहिलें. तो पेला कोणाच्या हातून येतो, कोणाच्या शेजारीं बसून घेतला जातो, आणि कोणास निराळा दिला जातो, हें पाहण्याचें राहून गेलें. चहाची खरी परीक्षा येथेंच आहे, असें आमचें मत आहे. आणि त्याच्या समर्थनार्थ थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे.

चहा येण्यापूर्वींहि आमच्या किनाऱ्यावर पाहुणचार होताच. उन्हांतून आलेल्या माणसास ओटीवर बसवून गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढें करीत. कोणी ताक देई, कोणी कोकमाचें सरबत देई. चैत्रांत कैरीचें पन्हें होई. 'आधीं दम घे, मग काम सांग' हा त्या गूळपाण्याचा अर्थ होता, आणि चहानें पुढें हीच जागा घेतली. परंतु त्या जुन्या रीतीस एक काळी बाजूहि होती. पाणी कोणाच्या हातचें चालतें आणि कोणाच्या ओंजळींत तें वरून ओतावयाचें, हें जातीवरून ठरे. पाण्याची ही रीत चहाच्या पेल्यांतहि उतरली, हें पुढें दिसून येईल.

प्रथम नांवाची गोष्ट सांगूं. चीनच्या दक्षिणेस कँटन व मकाव या बाजूस या पानास 'चा' म्हणतात आणि फूकियेनच्या किनाऱ्यावर 'ते' म्हणतात. मकावला ठाणें असलेल्या पोर्तुगिजांनीं पहिला शब्द उचलला, डच व्यापाऱ्यांनीं दुसरा. इंग्रजांचा 'टी' या दुसऱ्याच कुळांतला. आमचा 'चहा' पहिल्या कुळांतला आहे. रेवदंड्याचा कोट सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत याच पोर्तुगिजांच्या ताब्यांत होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह १६६२ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशीं झाला. त्या विवाहाच्या करारानें मुंबई बेट इंग्रजांस मिळालें, एवढें पाठ्यपुस्तकांत असतें. पण त्याच राणीमुळें लंडनच्या दरबारांत चहापानास प्रतिष्ठा आली, हें फारसें कोणी सांगत नाहीं. मांडव्याच्या धक्क्यावर चहा घेत खाडीपलीकडची मुंबई पाहणाऱ्यानें हें नातें अवश्य आठवावें.

इंग्रजांनींच आम्हांस चहा शिकविला, हा समज मात्र सर्वस्वी खरा नाहीं. १६८९ सालीं इंग्लंडाहून निघून सुरतेस आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री आपल्या प्रवासवृत्तांत लिहितो कीं, तेथील लोक तिखट मसाले घालून उकळलेला चहा घेत, त्यास खडीसाखरेची जोड देत, आणि डोकेदुखी व पोटदुखी यांवर तो गुणकारी मानीत. तेव्हां मसाल्याच्या चहास आधुनिक फॅशन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं जरा थांबावें.

या सुखाची किंमत इतरांनीं मोजली, हेंहि विसरतां येत नाहीं. इंग्लंडांत चहाची मागणी वाढली तेव्हां चीनला चांदी मोजावी लागे. ती वांचविण्यासाठीं हिंदुस्थानची अफू चीनमध्यें लोटण्यांत आली. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची मुंबईहून. त्यांतूनच १८३९ ते १८४२ चें युद्ध उद्भवलें. तिकडे आसामांत १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस यास चहाच्या झाडांचा पत्ता लागला; सिंगफो लोक तीं पानें पूर्वींपासूनच वापरीत होते. जानेवारी १८३९ मध्यें आसामी चहाचा लंडनमध्यें पहिला लिलाव झाला आणि डोंगर साफ करून मळे उठूं लागले. त्यांवर राबण्यासाठीं छोटा नागपूर वगैरे प्रांतांतून आदिवासी मजूर करारानें बांधून नेण्यांत आले. त्यांपैकीं कितीएक आपल्या गांवीं परत आलेच नाहींत.

याच सुमारास, म्हणजे १८४० च्या आसपास, बेडफर्डची डचेस ॲना हिनें तिसऱ्या प्रहरीं चहा व फराळ घेण्याची चाल पाडली असें सांगतात. दुपारचें खाणें हलकें आणि रात्रीचें जेवण फार उशिरां, यामुळें मधल्या वेळेस जीव कासावीस होई; त्यावर हा उपाय. हळूहळू त्यास दिवाणखाना, चांदीची किटली आणि निमंत्रितांची यादी यांची जोड मिळाली, आणि भुकेची सोय होती ती मोठेपणाची खूण झाली. साहेबाच्या बंगल्यांतील चहा आमच्याकडे आला तो हा.

सामान्य माणसाच्या हातीं पेला पोहोंचला तो निराळ्या वाटेनें. १९०३ सालीं निर्यातीच्या चहावर कर बसवून त्याच्या उत्पन्नांतून प्रचाराची योजना सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून स्टेशनें, गिरण्या व कारखाने येथें हिंदी गिऱ्हाईक मिळविण्याचा उद्योग जोरानें चालला. १९३० नंतर पान चिरडून, फाडून, वळवून दाणेदार पूड करणारें यंत्र निघालें. या पुडीचा चहा थोडक्यांत गडद उतरतो. त्यामुळें तो गरिबासहि परवडूं लागला. गिरणींतल्या चाकरमान्याचा चहा शिमग्या-गणपतीस त्याच्याबरोबर कोंकणांतहि आला.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका सभेनिमित्त शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली असतां मिशनऱ्यांनीं त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेविलीं. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातीं धरला, कोणी तसाच ठेवून दिला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें हजर असलेल्यांचीं नांवें वृत्तपत्रांत झळकलीं, आणि ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. न्यायमूर्ति रानड्यांनीं मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि या प्रकरणाचा त्यांच्या घरास किती ताप झाला तें रमाबाई रानड्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. त्या चहांत दोष तो काय होता? तीच पूड, तीच साखर, तेंच दूध. दोष होता तो देणाऱ्या हाताचा.

पुण्यास विद्वानांचें हें झालें. आमच्या जिल्ह्यांत, जो १९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखला जाई, त्याहून मूळची गोष्ट घडली. मुंबई कायदेकौन्सिलानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें कागदोपत्रीं खुलें केलें. तरी पाण्यास हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. आणि त्याबद्दल त्या अनुयायांस मार खावा लागला. न्यायालयांतील वाद १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टाच्या निकालानें मिटला. ज्यास तळ्याचें पाणी वर्ज्य, त्यास चहाचा पेला कसा मिळणार? मुंबईंत इराण्याच्या हॉटेलांत नाना जातिधर्मांचे लोक एका छपराखालीं चहा पिऊं लागले तरी खेड्यांतील दुकानाच्या वळचणीस कान तुटलेला एक कप निराळा ठेविलेला असे. अस्पृश्य गिऱ्हाइकानें तो आपण उचलावा, वरून ओतलेला चहा बाहेर बसून प्यावा, आणि कप विसळून जागच्या जागीं ठेवावा. पैसे मात्र सर्वांइतकेच द्यावे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली, आणि दुकानें व उपाहारगृहें सर्वांस सारखींच खुलीं असल्याचें जाहीर केलें.

वळचणीचा तो कप आतां कायद्यानें गेला. पण मनांतून गेला कीं नाहीं, हा आमचा प्रश्न आहे. भांडीं घासणाऱ्या बाईचा कप अजून कित्येक घरांत खिडकींत निराळा असतो. संमेलनाच्या दिवशीं पाहुण्यांस कपबशी आणि मांडव घालणाऱ्यास कागदी पेला, हा प्रकार आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिला आहे. आणि घरोघरच्या माउलीचें काय? 'बसा हं, चहा टाकतें' असें म्हणून ती सर्वांस गरम चहा देते, आणि स्वतः उभ्यानें, उरलेला व निवलेला घेते. स्वच्छतेसाठीं निराळे कप ठेवतों, असें कोणी म्हणतात. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, साबण आणि गरम पाणी सर्वांचे कप सारखेच स्वच्छ करितात. मानमर्यादा राहणार नाहीं, असेंहि कोणी म्हणतात. परंतु शेजारीं बसून चहा घेतल्यानें जी मर्यादा मोडते ती मुळांतच कच्ची असली पाहिजे.

चहा सोडून द्यावा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. वैद्यक सांगतें तेवढी काळजी घ्यावी: जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो, म्हणून त्यांत थोडें अंतर ठेवावें, मुलांनीं तर तो बेतानेंच घ्यावा. पण पावसाळ्याच्या तिसऱ्या प्रहरीं, समुद्रावरून झड येत असतां, परसांतल्या गवती चहाची पात आणि ठेचलेलें आलें आधणांत पडलें म्हणजे जो वास सुटतो, तो सोडून देण्यासारखा नव्हे. दूध नसेल तर गुळाचा कोरा चहा, बरोबर भाजलेला पेणचा पापड किंवा तांदळाचें घावन. डचेसच्या फराळास यांत काय कमी आहे? उणें असेल तर तें पंगतीचें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, आमची सूचना साधी आहे. घरीं एक दिवस आधण तुम्ही ठेवा, मुलांनीं विशेषेंकरून, आणि आईस आधीं बसवून तिच्या हातीं पहिला कप द्या. कामास येणाऱ्या मावशींचा कप खिडकींतून काढून फळीवर इतरांबरोबर मांडा. शाळेच्या संमेलनांत शिपाईमामा व मांडववाले यांस हांक मारून, 'मामा, या, येथेंच बसा' असें म्हणा, आणि कपबशा आळीपाळीनें आपणच विसळा. यास पैसा लागत नाहीं, ठरावहि लागत नाहीं. येत्या स्नेहसंमेलनापासून आरंभ करतां येईल.