उंच मुलगा आणि घरचा हिशेब

मुलगा उंच दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘याला बास्केटबॉलला घाला!’ मग शिबिराची फी, बूट, दूध-अंडी, बाहेरगावचे सामने... खर्च वाढतच जातो. पंजाबातल्या खेड्यातला सतनाम सिंग २०१० साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या अकादमीत गेला. २०१५ साली एनबीएच्या डॅलस संघाने त्याला निवडलं. असा मान मिळालेला तो भारतात जन्मलेला पहिलाच खेळाडू. तरी एनबीएच्या मुख्य स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही! म्हणून खेळ बंद करू नका हं. शिस्त, कडकडून भूक, शांत झोप हे शाळेच्या मैदानावरही मिळतं. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर पाठवा; पण धाकटीच्या शिक्षणाचे पैसे फीकडे वळवू नका आणि त्याचाही अभ्यास सुटू देऊ नका.